प्लास्टिकमधला बहुरूपी

विद्यार्थी मित्रांनो, ही गोष्ट सुरू होते उंदरांच्या पिंजऱ्यापासून.

ऑगस्ट १९९८. अमेरिकेतील क्लीव्हलंड शहरातल्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात पॅट्रिशिया हंट या शास्त्रज्ञ उंदरांच्या अंडपेशींचा अभ्यास करीत होत्या. अंडपेशी पक्व होताना तिच्यातील गुणसूत्रांची वाटणी व्हावी लागते. त्यासाठी गुणसूत्रे आधी पेशीच्या मध्यावर एका रांगेत येऊन उभी राहतात. कवायतीच्या तासाला शिट्टी वाजली की तुम्ही जसे रांगेत उभे राहता, अगदी तसेच! रांग नीट लागली की वाटणी बिनचूक होते. रांग विसकटली तर एखादे गुणसूत्र भलत्याच बाजूला जाण्याची भीती असते, आणि अशा अंडपेशीपासून निकोप जीव वाढणे कठीण होते.

हंट यांच्या प्रयोगशाळेतील निरोगी उंदरांमध्ये अशी विसकटलेली रांग शंभरांतून एखाद-दुसऱ्या अंडपेशीत दिसत असे. त्या महिन्यात मात्र हे प्रमाण एकाएकी शंभरात चाळीसवर गेले. आणि नवल असे की, ज्यांना कसलेही औषध दिलेले नव्हते, ज्यांच्याशी केवळ तुलना करायची होती, त्याच उंदरांत हा बिघाड दिसत होता!

मग शोध सुरू झाला. एकेक गोष्ट तपासून बाजूला सारली गेली. शेवटी लक्ष गेले ते पिंजऱ्यांकडे. उंदरांचे पिंजरे आणि त्यांच्या पाण्याच्या बाटल्या पारदर्शक, टणक प्लास्टिकच्या होत्या. त्या आता धुरकट दिसत होत्या. चौकशी करता कळले, की पिंजरे धुताना नेहमीच्या सौम्य साबणाऐवजी फरशी धुण्याचा तीव्र अल्कधर्मी साबण वापरला गेला होता. त्या साबणाने प्लास्टिकचा पृष्ठभाग खाल्ला गेला होता, आणि त्यातून एक रसायन बाहेर पडून उंदरांच्या पोटात जात होते.

हंट तेवढ्यावर थांबल्या नाहीत. त्यांनी चांगल्या पिंजऱ्यांना आणि बाटल्यांना मुद्दाम तो साबण लावून पाहिला. पुन्हा तोच बिघाड दिसला. मग ते रसायन मोजून-मापून उंदरांना दिले, तरीही तेच. २००३ साली हे सारे संशोधन प्रसिद्ध झाले. त्या रसायनाचे नाव होते बिस्फेनॉल-ए. आपण त्याला थोडक्यात बीपीए म्हणू.

दोन फिनॉल, एक अ‍ॅसिटोन

बीपीए हे काही नवे रसायन नाही. रशियन रसायनशास्त्रज्ञ अलेक्सांद्र दियानिन यांनी ते १८९१ साली प्रथम तयार केले. त्याची कृती सोपी आहे. फिनॉलचे दोन रेणू आणि अ‍ॅसिटोनचा एक रेणू आम्लाच्या साहाय्याने जोडायचे. जोडताना पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि बीपीए तयार होते. फिनॉल म्हणजेच कार्बोलिक आम्ल. त्याच्यावरूनच कार्बोलिक साबणाला नाव मिळाले. अ‍ॅसिटोन तुमच्या ताईच्या नखांवरचा रंग काढण्याच्या बाटलीत असते. 'बिस्' म्हणजे दोन, म्हणून बिस्फेनॉल. आणि 'ए' हे अक्षर अ‍ॅसिटोनचे.

पुढे पन्नास-साठ वर्षे या पदार्थाला विशेष काम मिळाले नाही. मग १९५३ साली जर्मनीत हेरमान श्नेल आणि अमेरिकेत डॅनियल फॉक्स यांनी एकमेकांना पत्ता नसताना एकच गोष्ट केली. बीपीएचे रेणू कार्बोनेटच्या दुव्यांनी एकापुढे एक जोडून त्यांनी लांबच लांब साखळी बनवली. असे मणी ओवून झालेल्या मोठ्या रेणूला बहुवारिक म्हणतात. या बहुवारिकाचे नाव पॉलिकार्बोनेट. काचेसारखे स्वच्छ, पण पडले तरी न फुटणारे! चष्म्यांची भिंगे, शिरस्त्राणांच्या समोरच्या काचा, सीडीच्या तबकड्या आणि पाण्याचे मोठे जार अशा कितीतरी वस्तू त्यापासून तयार होऊ लागल्या. बाळांच्या दुधाच्या बाटल्याही त्यापासूनच बनत.

बीपीएला आणखी एक काम मिळाले. त्यापासून एपॉक्सी नावाची राळ बनते. अन्नाच्या पत्र्याच्या डब्यांना आतून जो पातळ लेप देतात, तो बऱ्याचदा याच राळेचा असे. लेपामुळे डबा गंजत नाही आणि अन्नाला धातूची चव लागत नाही.

म्हणजे बीपीए हा मोठा गुणी पदार्थ. मग बिघडले कोठे?

बहुरूपी दारात येतो

तुम्ही बहुरूपी पाहिला आहे का? निदान आजी-आजोबांकडून ऐकले तरी असेल. अंगात खाकी कपडे, डोक्यावर टोपी, हातात दंडुका. दारात उभा राहून तो दरडावतो, "चला, पोलीस ठाण्यात चला!" घरातला मोठा माणूसही क्षणभर गोंधळतो. मग लक्षात येते, की हा तर बहुरूपी! हसून त्याच्या हातावर काही ठेवले की तो पुढच्या घरी जातो. पण समजा, त्या क्षणभराच्या गोंधळात कोणी खरोखरच त्याचा हुकूम पाळला तर?

आपल्या शरीरात असेच काहीसे घडू शकते. शरीरातील अनेक कामांचे हुकूम रक्तातून जातात. ते नेणाऱ्या रसायनांना संप्रेरके म्हणतात. वाढ केव्हा व्हावी, भूक केव्हा लागावी, मुलाचा आवाज केव्हा फुटावा, असे नाना प्रकारचे हुकूम ती पोहोचवतात. पेशीपाशी हा हुकूम घेण्यासाठी 'ग्राही' नावाचे प्रथिन असते. संप्रेरक त्यात किल्लीसारखे बसते आणि कुलूप उघडते.

इस्ट्रोजेन हे असेच एक संप्रेरक आहे. ते स्त्रियांच्या शरीरात जास्त, पुरुषांच्या शरीरातही थोडे असते. त्याच्या मुख्य प्रकाराच्या रेणूच्या दोन्ही टोकांना ऑक्सिजन-हायड्रोजनची एकेक जोडी असते. ग्राही त्या टोकांना धरतो. आता बीपीएचा रेणू आठवा. दोन्ही टोकांना फिनॉल, म्हणजे दोन्ही टोकांना तीच जोडी! बाकीचे अंग वेगळे असले, तरी टोकांचा पोशाख सारखा. त्यामुळे ग्राही फसतो आणि कुलूप थोडेसे उघडते.

ही गोष्ट प्लास्टिकच्या आधीच माहीत झाली होती, हे ऐकून तुम्हाला आश्चर्य वाटेल. लंडनमधील चार्ल्स डॉड्स हे शास्त्रज्ञ इस्ट्रोजेनसारखे काम करणारे स्वस्त औषध शोधत होते. १९३६ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्याने बीपीए या कामी थोडेफार उपयोगी पडते असे दाखवले. पण ते फार दुबळे होते; खऱ्या संप्रेरकाच्या मानाने ग्राहीला त्याची पकड हजारो पटींनी कमी. १९३८ साली डॉड्स यांना डीईएस नावाचा कितीतरी प्रबळ पदार्थ सापडला आणि बीपीए मागे पडले.

त्या डीईएसचे पुढे काय झाले, तेही ऐकण्याजोगे आहे. गर्भपात टाळण्यासाठी म्हणून ते लाखो गर्भवतींना देण्यात आले. १९७१ साली अमेरिकेतील डॉक्टरांच्या लक्षात आले, की त्या मातांच्या मुलींपैकी काहींना ऐन तारुण्यात एक अतिशय दुर्मीळ कर्करोग होत आहे. औषध घेतले आईने, दुखणे आले मुलीला, आणि तेही कित्येक वर्षांनी! बीपीए म्हणजे डीईएस नव्हे, हे ध्यानात ठेवा. त्याचे बळ फार कमी आहे. पण गर्भात मिळालेला चुकीचा हुकूम पुढे मोठेपणी बाधू शकतो, हा धडा तेव्हा मिळाला.

साखळी का तुटते?

आता कोणी विचारील, बीपीए जर साखळीत घट्ट ओवलेले आहे, तर ते सुटते कसे?

याची कारणे दोन. एक म्हणजे प्लास्टिक बनवताना बीपीएचे काही रेणू साखळीत न गुंफता तसेच मोकळे राहून जातात. दुसरे म्हणजे पाण्यामुळे कार्बोनेटचे दुवे हळूहळू तुटतात. यालाच जलविच्छेदन म्हणतात. गार पाण्यात ही क्रिया अगदी मंद चालते. उष्णता मिळाली, किंवा तीव्र अल्कधर्मी साबण मिळाला, की ती वेग घेते. क्लीव्हलंडच्या पिंजऱ्यांना काय झाले, हे आता तुमच्या लक्षात आले असेल.

१९९३ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात अरुणा कृष्णन, डेव्हिड फेल्डमन आणि त्यांचे सहकारी यीस्ट या सूक्ष्मजीवावर काम करीत होते. त्यांना वाढीच्या द्रवात इस्ट्रोजेनसारखे काहीतरी सापडले. यीस्ट ते बनवते असे वाटले. पण यीस्ट न घालता नुसते पाणी त्याच चंबूंत निर्जंतुक केले, तरी ते होतेच! चंबू पॉलिकार्बोनेटचे होते. निर्जंतुक करताना दाबाखालच्या वाफेत ते खूप तापत, प्रेशर कुकरमधल्या भांड्यासारखे. बीपीए चंबूतून येत होते.

२००८ साली सिनसिनाटी विद्यापीठातील संशोधकांनी पॉलिकार्बोनेटच्या बाटल्यांत साधे पाणी आणि उकळते पाणी भरून तुलना केली. उकळत्या पाण्यात बीपीए उतरण्याचा वेग १५ ते ५५ पट वाढला. बाटली नवी की जुनी यापेक्षा पाणी किती गरम याला महत्त्व होते.

शरीरात आले, पुढे काय?

अमेरिकेत २००३-०४ साली सहा वर्षांवरील २,५१७ लोकांची लघवी तपासण्यात आली. शंभरातील त्र्याण्णव जणांच्या लघवीत बीपीए सापडले. हा आकडा ऐकून घाबरू नका. आधी त्याचा अर्थ पाहू.

पोटात गेलेले बीपीए रक्तातून यकृतात जाते. तेथे त्याला साखरेसारखा एक रेणू जोडला जातो. त्यामुळे त्याचा बहुरूप्याचा पोशाख झाकला जातो आणि ते पाण्यात सहज विरघळू लागते. मग मूत्रपिंडे त्याला बाहेर टाकतात. पाच-सहा तासांत निम्मे आणि एका दिवसात जवळजवळ सगळे निघून जाते. म्हणजे ते शरीरात साठून राहत नाही. मग शंभरात त्र्याण्णव लोकांत ते सापडले कसे? उत्तर एकच: ते रोज नव्याने आत येत असले पाहिजे! गर्भातील व तान्ह्या बाळाच्या यकृताला मात्र हे जोडण्याचे काम अजून पुरते जमत नसते. म्हणून तज्ज्ञांना सर्वांत जास्त काळजी बाळांची वाटते.

ते रोज कोठून येते, हे साध्या प्रयोगांनी कळले. २००९ साली हार्वर्डच्या ७७ विद्यार्थ्यांनी आठवडाभर पोलादी बाटल्यांतून आणि नंतरचा आठवडा पॉलिकार्बोनेटच्या बाटल्यांतून गार पेये घेतली. दुसऱ्या आठवड्यानंतर लघवीतील बीपीए ६९ टक्क्यांनी वाढले होते. २०११ साली ७५ जणांनी पाच दिवस रोज डबाबंद सूप घेतले, आणि काही दिवसांच्या खंडानंतर पाच दिवस ताजे. डबाबंद सुपाच्या दिवसांत बीपीए दसपटीहून अधिक होते. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या पाच कुटुंबांतील वीस जणांनी तीन दिवस डबाबंद आणि वेष्टनातले अन्न सोडून ताजे अन्न खाल्ले. सरासरीने बीपीए ६६ टक्क्यांनी उतरले. फक्त तीन दिवसांत!

बीपीए आणखी एका वाटेने भेटते. दुकानात यंत्रातून छापून मिळणाऱ्या गुळगुळीत पावतीवर शाई नसते; उष्णतेने कागदच काळा होतो. त्यासाठी कागदाला लावलेल्या लेपात बऱ्याचदा बीपीए असे, आणि तेही मोकळे. युरोपीय संघाने जानेवारी २०२० पासून अशा कागदातील त्याच्या वापरावर कडक मर्यादा घातली.

मग धोका किती?

येथे, मित्रांनो, आपल्याला थोडे सावकाश चालले पाहिजे.

उंदरांवर झालेला परिणाम माणसांवर तसाच होईल असे नाही. माणसांवर मुद्दाम असा प्रयोग करणे योग्य नव्हे. मग शास्त्रज्ञ काय करतात? अनेक लोक तपासून कोणाच्या शरीरात काय आढळते, याची तुलना करतात. २००८ साली अमेरिकेतील १,४५५ प्रौढांच्या अशा अभ्यासात, ज्यांच्या लघवीत बीपीए जास्त होते त्यांच्यात हृदयविकार आणि मधुमेह अधिक आढळले.

म्हणजे बीपीएमुळे हृदयविकार होतो, असे सिद्ध झाले का? नाही. एक उदाहरण घ्या. ज्या दिवशी रस्त्यावर छत्र्या जास्त दिसतात, त्या दिवशी वर्गात गैरहजेरी जास्त असते. म्हणून छत्र्या मुलांना घरी बसवतात असे आपण म्हणतो का? दोन्हींचे कारण पाऊस. तसेच, ज्यांच्या आहारात डबाबंद पदार्थ भरपूर असतात, त्यांचे एकूण खाणेच वेगळे असू शकते. शिवाय बीपीए दिवसाभरात निघून जाते. एका दिवसाच्या लघवीवरून दहा वर्षांचा हिशेब कसा लागणार? दोन गोष्टी बरोबर दिसणे आणि एकीमुळे दुसरी होणे, यांतला हा फरक नेहमी लक्षात ठेवा.

म्हणूनच तज्ज्ञांतही मतभेद आहेत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१४ साली उपलब्ध पुरावा तपासून, अन्नात आढळणाऱ्या प्रमाणात बीपीए सुरक्षित आहे असे मत दिले. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने मात्र एप्रिल २०२३ मध्ये आपली पूर्वीची मर्यादा तब्बल वीस हजार पटींनी खाली आणली. नवी मर्यादा काय? शरीराच्या दर किलो वजनाला रोज ०.२ नॅनोग्रॅम. एका ग्रॅमचे शंभर कोटी भाग करा. त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोग्रॅम. ४० किलोच्या मुलाला दिवसाला अवघे आठ! बीपीएचा परिणाम शरीराच्या रोगप्रतिकारक यंत्रणेवर होतो, असे उंदरांवरील प्रयोगांत दिसले होते. त्यावरून ही मर्यादा ठरली. जर्मनीच्या सरकारी संस्थेने त्याच वर्षी तोच पुरावा तपासून २०० नॅनोग्रॅमची मर्यादा पुरेशी मानली. म्हणजे हजार पट फरक!

विद्वान भांडतात, म्हणून विज्ञान खोटे असे समजू नका. पुरावा अपुरा असतो तेव्हा असेच घडते. कोणी म्हणतो, "पक्का पुरावा मिळेपर्यंत थांबू." कोणी म्हणतो, "बाळांच्या बाबतीत थांबायला नको." या दुसऱ्या विचाराला हळूहळू मान्यता मिळत गेली. २०१० साली कॅनडाने, २०११ साली युरोपीय संघाने आणि २०१२ साली अमेरिकेने बाळांच्या बाटल्यांतून बीपीए हद्दपार केले. भारतातही २०१५ सालच्या भारतीय मानकाने दूध पाजण्याच्या प्लास्टिक बाटल्यांत त्याला मनाई केली. डिसेंबर २०२४ मध्ये युरोपीय संघाने अन्नाशी संबंध येणाऱ्या साहित्यात बीपीए वापरण्यास बंदी केली. ती जानेवारी २०२५ मध्ये अमलात आली आणि बहुतेक वस्तूंना बदलासाठी दीड वर्षाची मुदत मिळाली.

एक गेला, दुसरा आला

आता दुकानात 'बीपीए-मुक्त' अशी चिठ्ठी लावलेल्या वस्तू दिसतात. त्या घेतल्या म्हणजे काम झाले का?

काही कारखान्यांनी बीपीएऐवजी बिस्फेनॉल-एस वापरायला सुरुवात केली. त्याच्याही रेणूच्या दोन्ही टोकांना तीच फिनॉलची जोडी! बहुरूप्याने फक्त अंगरखा बदलला. आणि पुढची गोष्ट तर कादंबरीत शोभावी अशी आहे. पॅट्रिशिया हंट आता वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात काम करीत होत्या. पिंजरेही दुसऱ्या प्लास्टिकचे होते. तरी पुन्हा एकदा काही उंदरांच्या अंडपेशी बिघडू लागल्या. तपास केला, तेव्हा झिजलेल्या पिंजऱ्यांतून बिस्फेनॉल-एस बाहेर पडत असल्याचे आढळले. हे संशोधन २०१८ साली, म्हणजे पहिल्या घटनेनंतर वीस वर्षांनी प्रसिद्ध झाले.

एखादी वस्तू काढून तिच्या जागी दुसरी आणताना ती दुसरीही आधी तपासली पाहिजे, हा त्यातला बोध.

आपण काय करावे?

सगळे प्लास्टिक घराबाहेर फेकण्याची गरज नाही. सगळ्या प्लास्टिकमध्ये बीपीए नसते. दुधाची पिशवी पॉलिथिनची, विकतच्या पाण्याची छोटी बाटली पेट या प्लास्टिकची आणि पुष्कळसे खाऊचे डबे पॉलिप्रॉपिलीनचे असतात. या बहुवारिकांच्या साखळीत बीपीएचा मणी नसतो. आपल्याकडे रोजच्या जेवणात डबाबंद पदार्थही फारसे नसतात. कधीतरी आंब्याचा रस किंवा रसगुल्ले, तेवढेच. आईच्या हातची गरम भाजी-पोळी बीपीएच्या दृष्टीने केव्हाही बरी!

तरी काही सवयी लावून घेण्याजोग्या आहेत. गरम चहा, दूध, आमटी किंवा उकळते पाणी प्लास्टिकच्या भांड्यात ओतू नये. त्यासाठी स्टील, काच किंवा चिनी मातीची भांडी आहेतच. टणक पारदर्शक प्लास्टिकची बाटली धुरकट झाली किंवा तिच्यावर ओरखडे पडले, तर तिला पाण्याच्या कामातून निवृत्त करावे. तारेच्या चोथ्याने ती घासू नये. पाण्याचा मोठा जार उन्हात ठेवू नये. घरात तान्हे बाळ असेल, तर त्याचे दूध प्लास्टिकमध्ये गरम करू नये. दुकानातली पावती लहान भावंडांना चघळायला देऊ नये.

करून पाहा

घरातील प्लास्टिकच्या दहा वस्तू उलट्या करून पाहा. पुष्कळ वस्तूंच्या तळाशी बाणांचा त्रिकोण आणि त्यात १ ते ७ यांपैकी एक आकडा असतो. १ म्हणजे पेट, २ व ४ म्हणजे पॉलिथिनचे दोन प्रकार, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. ७ म्हणजे 'इतर'. पॉलिकार्बोनेट या 'इतर'मध्ये मोडते, पण ७ आकडा असलेली प्रत्येक वस्तू पॉलिकार्बोनेटची असतेच असे नाही. वहीत चार रकाने आखा: वस्तू, आकडा, ती पारदर्शक व टणक आहे का, आणि तिच्यात गरम पदार्थ ठेवला जातो का.

दुसरा प्रयोग पावतीचा. गुळगुळीत पावतीवर नखाने जोरात रेघ ओढा. घर्षणाच्या उष्णतेने काळी रेघ उमटली, तर ती उष्णतेने छापणाऱ्या कागदाची आहे. लेपात कोणते रसायन आहे हे काही त्यावरून कळणार नाही. प्रयोग झाला की हात मात्र स्वच्छ धुवा.

तक्ता तयार झाला की तो घरातल्या मोठ्यांना दाखवा. दहा वस्तूंपैकी कोणत्या वस्तूचे काम बदलायला हवे, हे त्यांच्याबरोबर बसून ठरवा. क्लीव्हलंडच्या प्रयोगशाळेत एका धुरकट पिंजऱ्याकडे कोणीतरी नीट पाहिले, म्हणून एवढी मोठी गोष्ट कळली. तुमच्या स्वयंपाकघरातही नीट पाहण्याजोगे पुष्कळ आहे.